ह्यांनी घासलेला नंबर

आमच्या ह्यांना गंज दिसला की राहवत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रूळ तयार होतात त्या मिलमध्ये, ते छत्तीस वर्षं क्रेनच्या कामावर होते. फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर रिसालीच्या आमच्या घरातली एकही लोखंडी वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नाही. फाटक झालं, जिन्याचा कठडा झाला, शेजाऱ्यांच्या कूलरचा स्टँडसुद्धा त्यांनी एक दिवस न विचारता उचलून आणला आणि घासूनपुसून, रंगवून परत दिला. मी हसायची. हाच नाद एक दिवस माझ्या मुळावर येणार आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं!

मी त्याच कारखान्यात, पण प्रयोगशाळेत. रुळांचे कापलेले तुकडे माझ्यापुढे यायचे. ते घासायचे, आरशासारखे करायचे, त्यावर ॲसिड लावायचं आणि आतल्या पोलादात काय दडलंय ते बघून लिहायचं. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. नमुन्यात दिसतं तेवढंच लिहायचं, वाटतं ते लिहायचं नाही, ही सवय अंगात इतकी मुरली की घरात कोणी भाजीला मीठ बरं आहे म्हटलं तरी मी म्हणायची, आधी चाखा तर.

आमच्या दोघांच्या नोकरीत फिरणं कधी झालंच नाही. म्हणजे ठरायचं, पण व्हायचं नाही. एकदा लेहला जायचं ठरलं, स्वेटर विणून झाले, आणि हे ड्यूटीवरून येऊन दारातच म्हणाले, "थांब. मिलची मोठी दुरुस्ती निघाली." एकदा केरळ, बॅगा रिक्षात ठेवलेल्या. "थांब." मी दरवेळी थांबले. बॅगा उतरवल्या, डब्यात बांधलेल्या पोळ्या संध्याकाळी घरीच खाल्ल्या. तक्रार केली नाही, असं मी लोकांना सांगते. खरं तर केली, पण पोळ्या लाटताना, एकटीनं.

म्हणून निवृत्तीनंतर मी म्हटलं, आता अशा ठिकाणी जायचं की जिथून आपल्याला कोणी परत बोलावू शकणार नाही. ऑस्ट्रेलिया. आणि परक्या गाडीवर ह्यांचा भरवसा नाही; जिचा एकेक बोल्ट आपण आवळला तीच गाडी खरी. तेव्हा आमची जुनी लांब जीप जहाजानं पर्थजवळच्या बंदरात पाठवायची, मागून आपण विमानानं जायचं, आणि तीन महिने त्या गाडीतच राहायचं, खायचं, झोपायचं. मुलीनं फोनवर वेड्यात काढलं. मी म्हटलं, "आमाले वेडच लागलं समज."

ह्यांनी मागच्या सीट काढून पलंग बसवला, त्याखाली डब्यांचे खण केले, छपरावर उघडमिटीचा तंबू लावला. आणि मला, एकसष्टाव्या वर्षी, गाडी शिकवली. दर रविवारी सकाळी जामुलच्या रस्त्यावर. शिकवणी क्रेनच्या नियमांनी चालली. पहिलाच धडा असा होता, "हे पाह्य, 'चल' फक्त एकानंच म्हणाचं. दहा जण ओरडले तरी क्रेनवाला एकाचाच इशारा पाह्यते. पण 'थांब' कोणीबी म्हणू शकते. झाडूवाला म्हणो, का साहेब म्हणो. 'थांब' ऐकलं का थांबाचं. कावून ते मंग विचाराचं."

मी म्हटलं, थांबायची मला चांगली सवय आहे. त्यांनी गाडी पुन्हा सुरू करायला लावली.

हळूहळू ते मला जास्तच गाडी चालवू द्यायला लागले. "तुले सवय झाली पायजे," म्हणायचे आणि डावीकडे बसायचे. मला वाटलं, वा, म्हातारपणी माणूस उदार झाला. एवढी वर्षं लोकांच्या रुळात बारीक भेग शोधणारी मी, घरातली मला दिसली नाही.

गाडी परदेशी न्यायची तर तिचाही एक पासपोर्ट लागतो. त्याला कार्ने म्हणतात. त्यात गाडीचं सगळं लिहिलेलं असतं, आणि त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे चेसिस नंबर. गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर कारखान्यातच ठोकलेली सतरा अक्षरं. त्यातलं एक जरी इकडचं तिकडं झालं तरी गाडी ना इथून सुटणार, ना तिथं उतरणार. शिवाय ऑस्ट्रेलियात गाडीला मातीचा कण चिकटलेला चालत नाही. आपली माती, आपलं बी, आपला किडा त्यांना नको. तेव्हा खालून गाडी लख्ख करणं हे ह्यांचं काम ठरलं. आठ दिवस ते गाडीखाली होते. वायरब्रश, ग्राइंडर, मग प्राइमर, मग काळा जाड रंग. बाहेर आले तेव्हा फक्त डोळे पांढरे दिसत होते. मी कौतुकानं त्यांना बेसनाचे लाडू दिले.

एप्रिलचा मंगळवार. सकाळी एजंटचा फोन आला. शनिवारी रायपूरच्या डेपोत गाडी कंटेनरमध्ये चढवायची, तिथून कंटेनर रेल्वेनं बंदरावर. त्याआधी चेसिस नंबरचा फोटो आणि पेन्सिलनं घेतलेला ठसा पाठवा. ही बोट चुकली तर पुढच्या बोटीला महिना, आणि मग व्हिसाचे दिवस अर्धे उडणार, तिकडच्या उत्तर भागातला चांगला मोसम हातचा जाणार.

मी कागद-पेन्सिल घेऊन पुढच्या उजव्या चाकाजवळ बसले. सांगाड्यावर काळा रंग. रंगावर कागद धरून पेन्सिल घासली. कागद नुसता काळा झाला. थिनरच्या बोळ्यानं रंग काढला, खाली तांबूस प्राइमर. तोही काढला, तर खाली पोलाद. स्वच्छ, चकचकीत, सपाट पोलाद. वीतभर इकडं, वीतभर तिकडं, कुठंच काही नाही.

 हे कसं झालं ते विचारायची गरजच नव्हती. सपाटी इतकी सुरेख होती की ती ह्यांच्याशिवाय कोणाची नव्हती.

"नंबर कोठी आहे?" मी ओरडले. "अवो, नंबर कोठी गेला?"

हे हातात चहाचा कप घेऊन आले. वाकून बघितलं. कप तिथंच पायरीवर ठेवला, तो निम्मा पायरीच्या बाहेर, आणि पडून फुटला.

"गंज होता तिथं," ते म्हणाले.

"गंज होता का नंबर होता?"

"आता मले काय म्हाईत वं. खाली अंधार राहते."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. मला हसू येईना. मी त्या दिवशी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी तर मी हेही म्हटलं की तुमाले जायचंच नाई, सरळ सांगा. त्यांनी मान खाली घातली आणि काचा गोळा करायला लागले. काच एका बाजूची उचलली, दुसऱ्या बाजूची तशीच राहिली. मी ती झाडून काढली आणि रागात ते विसरूनही गेले.

एजंटला खोटं सांगता आलं असतं असं नाही, आणि मला ते जमतही नाही. दुपारी मी दुर्गला आरटीओत गेले आणि निरीक्षकांना खरं ते सांगितलं. माणूस तरुण होता, चेहऱ्यानं थकलेला. त्यानं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"मैडम, जिस गाड़ी का नंबर घिसा हो, वो चोरी की मानी जाती है. मैं देखूँगा तो मुझे लिखना पड़ेगा. गाड़ी सीधे थाने जाएगी, फिर जाँच, फिर लैब. महीनों लगेंगे."

मी म्हटलं, लॅबचं काम मीच अठ्ठावीस वर्षं केलंय. लोखंडावर आकडा ठोकतात तेव्हा तो नुसता वर उमटत नाही, त्याच्या खालचं पोलादही दबतं. वरचा आकडा घासला गेला तरी खालचा दाब राहतो, आणि ॲसिड त्या दबलेल्या जागेला वेगळं धरतं. घासणारा फार खोल गेला नसेल तर नंबर परत दिसतो.

"और अगर खोल गया हो तो?" त्यानं माझाच शब्द उचलून विचारलं.

"तो आप लिखिए जो लिखना है," मी म्हटलं.

त्यानं पेन परत उचललं. मग म्हणाला, गुरुवारी अकरा वाजता येतो, जे करायचं ते माझ्यासमोर करा. त्याच्या आधी त्या जागेला हात लावायचा नाही. नंबर आला आणि माझ्या रजिस्टरशी जुळला तर तपासणीचं पत्र देतो. नाही आला तर गाडी तिथूनच पोलीस ठाण्यात.

बुधवार सगळा त्या धास्तीत गेला. दुर्गच्या केमिकलच्या दुकानातून कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड आणलं, काचेच्या बरणीत हिरवं द्रावण केलं. ह्यांनी एका जुन्या लोखंडी अँगलवर ठशाच्या पंचानं आकडे ठोकले, घासून सपाट केले आणि माझ्यापुढे ठेवले. मी बोळा फिरवला. काही मिनिटांत आकडे वर आले, धूसर, पण आले. मला रडूच फुटलं. ह्यांनी मात्र आनंद दाखवला नाही. मी विचारलं, गाडीचा असाच घासला होता ना, एवढाच? ते म्हणाले, "उद्या दिसंलच."

गुरुवारी निरीक्षक अकराला पाच कमी असताना आले. मी गाडीखाली पोतं अंथरलं, चष्म्यावर गॉगल चढवला, हातमोजे घातले. गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात नंबरची जागा फक्त "पुढच्या उजव्या चाकाजवळ" एवढीच होती, म्हणजे दीड हात सपाट पोलाद. नेमकं कुठं ॲसिड लावायचं? एप्रिलच्या उन्हात द्रावण बघता बघता सुकतं. सगळीकडे लावत बसले असते तर एकही अक्षर धड उठलं नसतं.

हे माझ्या शेजारी आडवे झाले आणि त्यांनी बोट ठेवलं. "इथून सुरू होते. हे इथलोक."

न मोजता, न चाचपता. मी त्यांच्या बोटाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. पण ती वेळ बोलायची नव्हती. मी त्या बोटाच्या जागी बारीक एमरी कागद फिरवला आणि बोळा लावला.

पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत काही नाही. घाम गॉगलमध्ये उतरत होता. हे टॉर्च धरून होते, आणि प्रकाश सारखा माझ्या उजवीकडे सरकत होता. "टॉर्च सरळ धरा वो," मी दोनदा खेकसले. निरीक्षक गुडघ्यावर बसून वाकले होते. त्यांनी रजिस्टरमधून उतरवलेला नंबर घडी करून खिशात ठेवला होता.

तिसऱ्या फेरीला एक उभी रेघ दिसली. मग तिला आडवा हात फुटला. मी वाचलं. मग पुढचं अक्षर. मग आकडे. मी एकेक मोठ्यानं वाचत होते आणि निरीक्षक लिहून घेत होते. सोळा झाले. सतरावा नुसता उजवीकडून गोल, डावीकडून उघडा.

"तीन है?" निरीक्षक.

मी बोळा फिरवला. तसंच. पुन्हा फिरवला. तसंच. आमच्या गाडीचा नंबर मला पाठ आहे; शेवटचा आकडा आठ. ह्यांनाही पाठ आहे. हे माझ्या कानाशी कुजबुजले, "आठ सांग ना."

"आपको तो याद होगा, मैडम," निरीक्षक म्हणाले. मला वाटतं, त्यांनी ते दयेनंच म्हटलं.

"याद है," मी म्हटलं. "लेकिन दिख नहीं रहा. जो दिखेगा, वही बोलूँगी."

ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. माझा खांदा बधिर झाला होता, मान मोडायला आली होती, आणि तीन महिन्यांचा प्रवास त्या अर्ध्या आकड्यावर अडकला होता. मी पाण्यानं जागा धुतली, पुसली, ताजा बोळा घेतला आणि घासला नाही, नुसता दाबून धरला. मनातल्या मनात साठ मोजले. मग आणखी साठ. बोळा काढला तेव्हा डावीकडची बाजू आली होती. वरची चांगली, खालची फिकट, पण मिटलेली.

"आठ," मी म्हटलं.

निरीक्षकांनी खिशातला कागद काढला, दोन्ही ओळी शेजारी धरल्या, एकेका अक्षरावर पेन टेकवत गेले. मग मोबाइलनं फोटो काढले, पाच-सहा. पत्र ओट्यावर बसूनच लिहिलं. जाताना ह्यांना म्हणाले, "अंकल, अब ग्राइंडर को ताला लगा दीजिए." हे हसले नाहीत.

फाटक लागल्याचा आवाज झाला आणि मी वळले.

"तुमाले जागा कशी म्हाईत होती?"

ते गाडीला टेकून खाली बसले. "मले नंबर दिसला होता," म्हणाले. "घासताना. चांगला दिसला."

"मंग?"

"मंग काई नाई. हात थांबला नाई. थांबवला नाई."

मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला की हातातली बरणी मी खाली ठेवली, फेकली गेली असती म्हणून. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. वर्षभरापासून उजव्या डोळ्यात मधोमध काळा डाग आहे. स्मृति नगरच्या मित्राकडे पत्ते खेळायला म्हणून जात होते ते डॉक्टरकडे. वाढणार नाही, पण जाणारही नाही. रस्त्यावर अंतराचा अंदाज येत नाही. तिकडं शेकडो मैल गाडी मलाच चालवावी लागणार, आणि ते बाजूला बसून राहणार, सामानासारखे.

"गाडीच नसती गेली," ते म्हणाले, "तं सांगाचं काम नसतं पडलं."

कप, काचा, टॉर्च, जामुलचा रस्ता, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच राहिला. मी शुक्रवारभर बोलले नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, पाणी डाव्या हाताला ठेवलं, बोलले नाही.

शनिवारी रायपूरपर्यंत गाडी मीच नेली. डेपोत तंबू उतरवला, टाकीत नावापुरतं डिझेल ठेवलं. कस्टमच्या अधिकाऱ्यानं पत्र, फोटो आणि नंबर तीनदा ताडून बघितले आणि मान हलवली. आता फक्त गाडी आत घालायची होती. कंटेनर लोखंडी, आत भट्टीसारखा. दोन्ही बाजूंना दीड-दीड वीत, वर चार बोटं. एजंटचा माणूस म्हणाला, ड्रायव्हर बोलावतो. मी म्हटलं, गाडी माझी, मीच घालीन.

हे माझ्याशी काही न बोलता आत गेले होते. फीत लावून त्यांनी जमिनीवर खडूनं तीन रेघा मारल्या, दोन चाकांच्या आणि एक थांबायची. डोळ्यावर भरवसा नाही म्हणून फूट मोजून ठेवले. मग पार टोकाला उभे राहिले आणि हात वर केला, मिलमध्ये क्रेनखाली करायचे तसा.

एजंटचा माणूस मागून ओरडत होता, डावीकडे, उजवीकडे. मी त्याचं ऐकलं नाही. एकाचाच हात बघत राहिले. हात आत बोलावत होता, मी येत होते. एकदा उजव्या आरशापाशी काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. हात सरळ झाला, थोडा डावीकडे कलला, आणि आवाज थांबला. मग मूठ मिटली. मी ब्रेक दाबला. पुढचं चाक खडूच्या रेघेवर होतं.

दार उघडायला जागा नव्हती. मी आतल्या आत पलंगावरून सरपटत मागच्या दारानं बाहेर आले, हे भिंतीला पाठ घासत बाजूनं आले. चाकांना पट्टे बांधले गेले, बॅटरीची वायर काढली. कंटेनरची दारं लागायला आली होती तेव्हा मी दोन दिवसांनी ह्यांच्यापुढे तोंड उघडलं.

"मले नुसतं 'थांब' म्हटलं असतं," मी म्हटलं. "मी थांबली असती. कारणबी नसतं विचारलं."

ते दारांकडे बघत होते. डोकं थोडं वळवून, डाव्या डोळ्यानं, आता मला कळत होतं तसं.

"म्हून तं म्हटलं नाई," ते म्हणाले. "तू थांबली असती."

एजंटच्या माणसानं कडी ओढली, सील लावलं आणि त्यावरचा नंबर मला वाचायला सांगितला.